मैफलींचे धन

संगीताच्या बाजारपेठेत गेली काही वर्षे एक उलटा प्रवाह वाहताना दिसतो आहे. ज्या काळ्या तबकड्या कॅसेटचा काळ सुरू झाल्यावर आपल्या घरांतून माळ्यावर गेल्या आणि पुढे भंगारवाल्याच्या गाडीवर चढल्या, त्याच आता पुन्हा छापल्या जाऊ लागल्या आहेत. अमेरिकेत २०२२ साली तबकड्यांची विक्री नगसंख्येच्या हिशेबात सीडीच्या पुढे गेली. असे १९८७ नंतर प्रथमच घडले. आपल्याकडेही सारेगामाने, म्हणजे आपल्या पिढीच्या एच.एम.व्ही.ने, जुने ऐवज तबकडीच्या रूपात पुन्हा दुकानांत मांडले आहेत. हौस, फॅशन, जुन्याची ओढ असे काहीही या प्रवाहाला म्हणता येईल. आमचे लक्ष वेधले गेले ते दुसऱ्याच गोष्टीकडे. जगभर नव्याने प्रसिद्ध होणाऱ्या ध्वनिमुद्रणांत प्रत्यक्ष मैफलींचा वाटा लक्षणीय आहे. बंद खोलीत तुकडे जोडून सिद्ध केलेल्या निर्दोष गाण्यापेक्षा रसिकांसमोर, एका विशिष्ट दिवशी, एका विशिष्ट सभागृहात घडलेले गाणे ऐकावे, असे श्रोत्यांना वाटू लागले आहे.

यात नवल नाही. व्हिएन्नाच्या फिलहार्मोनिक वाद्यवृंदाची नववर्षदिनाची मैफल दर वर्षी १ जानेवारीला होते आणि तिचे ध्वनिमुद्रण त्याच महिन्यात जगभरच्या दुकानांत पोहोचते. किथ जॅरेट या अमेरिकन वादकाने २४ जानेवारी १९७५ रोजी जर्मनीतील कोलोन शहरात जे पियानोवादन केले, त्या रात्री सभागृहात मागवलेला पियानो मिळालाच नव्हता. जो मिळाला त्याचे खालचे आणि वरचे स्वर सदोष होते. त्या अडचणीतून वाट काढत केलेले ते वादन आज एकल पियानोच्या सर्वाधिक खपलेल्या ध्वनिमुद्रिकांत गणले जाते. स्टुडिओत असता तर त्याने वाद्य बदलून मागितले असते, आणि ते संगीत जन्मालाच आले नसते.

आपल्या कलावंतांचा या परंपरेतील वाटा मोठा आहे. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कमध्ये पूर्व बंगालमधील निर्वासितांसाठी पंडित रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनी जो कार्यक्रम केला, त्याचा तीन तबकड्यांचा संच निघाला आणि १९७३ मध्ये त्याला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. त्या संचाच्या आरंभी वाद्ये जुळवणे संपताच श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केल्याचे आणि त्यावर पंडितजींनी मिश्किलपणे दिलेल्या उत्तराचे ध्वनिमुद्रण तसेच ठेवलेले आहे. एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांचे ऑक्टोबर १९६६ मधील संयुक्त राष्ट्रसंघातील गायन, लता मंगेशकर यांचा मार्च १९७४ मधील लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधील कार्यक्रम ही सारी मैफलींचीच ध्वनिमुद्रणे. उस्ताद झाकीर हुसेन १५ डिसेंबर २०२४ रोजी गेले. त्यांच्या 'शक्ती' समूहाच्या पन्नासाव्या वर्षाच्या दौऱ्यातील मैफली २०२५ मध्ये ध्वनिमुद्रिकेच्या रूपाने श्रोत्यांपर्यंत आल्या. ज्यांना त्या दौऱ्याचे तिकीट मिळाले नव्हते त्यांच्यासाठी हे मोलाचे आहेच, पण ज्यांना मिळाले होते त्यांच्यासाठी अधिक.

मात्र ज्या महाराष्ट्राने गेल्या शतकात हिंदुस्थानी संगीताला सर्वाधिक श्रोते दिले, त्या महाराष्ट्रात मैफलींच्या ध्वनिमुद्रणांची स्थिती काय आहे?

थोडे मागे जावे लागेल. नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहरजान यांचा आवाज मुद्रित झाला, तेव्हा एका तबकडीवर तीन-साडेतीन मिनिटांपेक्षा अधिक काही मावत नसे. ती तबकडी ज्या लाखेपासून बनत असे, ती लाख प्रामुख्याने आपल्याच वनांतून जात होती. माल आपला, गाणे आपले, यंत्र आणि नफा परक्यांचा. असो. मुद्दा असा की ज्या संगीताचा श्वासच विस्तारात आहे, त्याला तीन मिनिटांत कोंबावे लागले. अब्दुल करीम खाँ साहेबांसारख्या थोर गायकांनी त्या तीन मिनिटांतही चमत्कार करून दाखवला, हे खरे. पण अनेकांनी यंत्रासमोर बसण्यास नकार दिला. जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक, छत्रपती शाहू महाराजांच्या दरबारातील गायक उस्ताद अल्लादिया खाँ १९४६ पर्यंत हयात होते. त्यांचा आवाज आज कोठेही उपलब्ध नाही. १९२२ मध्ये निवर्तलेल्या भास्करबुवा बखल्यांचे गाणे कसे होते, हे आपल्याला केवळ त्यांच्या शिष्यांच्या गाण्यावरून आणि आठवणींवरून कल्पावे लागते. बालगंधर्वांचे आणि मास्टर कृष्णरावांचे गुरू, पुण्याच्या भारत गायन समाजाचे संस्थापक, आणि त्यांच्या आवाजाचा एक क्षणही आपल्याजवळ नाही!

एल.पी. आली आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटे मिळू लागली. उस्ताद अमीर खाँ यांची १९६० मधील मारवा आणि दरबारीची तबकडी, किशोरीताईंचा भूप, हे त्या मर्यादेतील सुवर्णक्षण होत. स्टुडिओला सरसकट नावे ठेवणाऱ्यांनी ते अवश्य ऐकावेत. तरीही ज्यांनी या कलावंतांना समोर बसून ऐकले आहे त्यांना ठाऊक आहे की, मैफलीतील राग वेगळा असतो. तेथे तबलजीच्या एका अनपेक्षित तुकड्याने गायकाची दिशा बदलते. समोरच्या रांगेतील एखाद्या जाणत्याच्या मानेच्या हालचालीने ताना आणखी दोन आवर्तने लांबते. विलंबित ख्याल तासभर चालतो, कारण त्या रात्री तो तासभर चालावयाचा असतो. हीच गोष्ट कीर्तनाची आणि पोवाड्याची. पु. लं.च्या ध्वनिफितींतील श्रोत्यांचे हसणे काढून टाकले तर मागे काय उरेल? गीतरामायणाचेही तसेच. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून छप्पन गीतांच्या रूपाने ते घराघरांत पोहोचले. पण सुधीर फडके यांनी पुढे गावोगावी केलेल्या कार्यक्रमांत बाबूजी दोन गीतांच्या मध्ये जे बोलत, एखादा शब्द जसा पुन्हा उच्चारून दाखवत, ते ज्यांनी ऐकले त्यांनीच ऐकले.

ही मैफलींची संपत्ती आपल्याजवळ अजिबात नाही, असे मात्र नाही. ती आहे, आणि विपुल आहे. १९६० ते १९९० या तीन दशकांत महाराष्ट्रातील गावागावांत स्पूलवर आणि नंतर कॅसेटवर मैफली टिपून ठेवणारी माणसे होती. कुणी डॉक्टर, कुणी बँकेतील अधिकारी, कुणी संगीत मंडळाचा चिटणीस. पगारातून पैसे साठवून त्यांनी यंत्रे घेतली. सात इंची स्पूलवर, साडेसात इंच प्रतिसेकंद या गतीने, जेमतेम बत्तीस मिनिटे मिळत. म्हणून ऐन रंगात स्पूल बदलण्याची कसरत ते करत आणि तेवढ्यात हुकलेल्या तिहाईबद्दल जन्मभर हळहळत. या मंडळींनी कलावंतांचा विश्वास संपादन केला होता. 'केवळ ऐकण्यासाठी' या शब्दावर ती ध्वनिमुद्रणे झाली आणि तो शब्द बहुतेकांनी पाळला. आज ही पिढी ऐंशीच्या पुढे आहे किंवा आपल्यात नाही. मुले परदेशी किंवा लहान सदनिकांत. कपाटातील तीनशे स्पूलांचे करायचे काय, हा प्रश्न त्यांच्या दृष्टीने जागेचा आहे.

दुसरीकडे फितींनाही आयुष्य असते. चुंबकीय थर प्लॅस्टिकच्या पट्टीवर चिकटवून धरणारे द्रव्य आर्द्रता शोषते, चिकट होते आणि थर सुटू लागतो. कोकणातील दोन-चार पावसाळ्यांत बुरशीही धरते. शिवाय ती वाजवणारी यंत्रे आणि ती दुरुस्त करू शकणारे हात दुर्मीळ होत चालले आहेत. थोडक्यात, जे वाचवायचे ते आणखी काही वर्षांतच वाचवता येईल.

मग आज जे प्रसिद्ध होते आहे ते कसे होते आहे, तेही पाहू. एक बाजू आनंदाची आहे. आकाशवाणीने आपल्या संग्रहातील मैफली नव्या शतकाच्या आरंभापासून सीडीच्या रूपाने काढल्या. लंडनच्या नवरस या संस्थेने तेथील भारतीय संगीताच्या मैफली जवळजवळ अखंड स्वरूपात, चांगल्या माहितीसह प्रसिद्ध केल्या. परदेशी बसून काही भारतीयांनी केलेले हे काम पुण्या-मुंबईतील कुणाला का सुचू नये, असे वाटल्यावाचून राहत नाही. चेन्नईत डिसेंबरच्या संगीतोत्सवातील कच्चेऱ्या वर्षाच्या उल्लेखासह बाजारात आणण्याचा प्रघात काही प्रकाशकांनी पाडला. १९५३ पासून चालत आलेला आपला सवाई गंधर्व महोत्सव हा त्या उत्सवाच्या तोडीचा आहे. त्याची सांगता सवाई गंधर्वांच्याच भैरवीच्या जुन्या ध्वनिमुद्रिकेने होते, हे वाचकांपैकी अनेकांनी मंडपात बसून अनुभवले असेल. जो महोत्सव एका तबकडीने संपतो, त्याच्या स्वतःच्या सत्तर वर्षांच्या मैफली वर्षवार, क्रमवार आणि संपूर्ण ऐकण्याची सोय रसिकांना असावी, ही अपेक्षा अवाजवी नाही.

दुसरी बाजू मात्र खेदाची. बाजारात आलेल्या कित्येक 'लाइव्ह' ध्वनिमुद्रणांवर गायकाचे छायाचित्र असते आणि रागाचे नाव असते. तबल्यावर कोण, संवादिनीवर कोण, तानपुऱ्यावर मागे कोणते शिष्य बसले होते, मैफल कोठे व केव्हा झाली, यांपैकी काहीच नसते. साथीदाराला नाव नाकारणे हा त्याच्यावरील अन्याय आहेच. शिवाय तारखेवाचून ध्वनिमुद्रण म्हणजे कागदपत्रांवाचून इतिहास. कोणाच्या चाळिशीतील गाणे आणि कोणाच्या सत्तरीतील, हे समजल्याशिवाय घराण्याच्या वाटचालीचा अभ्यास करणार कसा? काही ठिकाणी टाळ्या, दाद, दोन रागांमधील बोलणे 'व्यत्यय' म्हणून कापून टाकले जाते. खरखर काढण्याच्या उत्साहात यंत्र तानपुऱ्याचा झंकारही पुसून टाकते आणि गायक निर्वात पोकळीत गात असल्यासारखा भासतो. त्याहून गंभीर चूक गतीची. फीत सहा टक्के जलद फिरली तर गायकाची पट्टी अख्ख्या अर्ध्या स्वराने चढते. काळी एकची गायकी काळी दोनकडे सरकलेली ऐकून नवा विद्यार्थी तेच प्रमाण मानतो. इंटरनेटवर हौसेने चढवल्या जाणाऱ्या ध्वनिमुद्रणांनी हजारो दुर्मीळ मैफली खुल्या केल्या, त्याबद्दल त्या संग्राहकांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. पण चुकीचे राग, चुकीची वर्षे आणि भलत्याच गायकाच्या नावावर खपणारी गाणी यांचाही पूर तेथूनच येतो.

येथे कलावंताच्या हक्काचा प्रश्न उभा राहतो आणि आपण मध्यमवर्गीय मंडळी त्याबाबत फारशी सोवळी नाही. एका कॅसेटवरून दहा प्रती काढून आप्तेष्टांना वाटणे याला आपण रसिकता समजत आलो. कायद्याने मात्र कलावंताचा सादरीकरणावरील हक्क १९९४ च्या दुरुस्तीने मान्य केला. १९९९ मध्ये त्याची मुदत पंचवीसवरून पन्नास वर्षे झाली. २०१२ च्या दुरुस्तीने व्यावसायिक वापरातील स्वामित्वधन आणि आपल्या कलेची मोडतोड रोखण्याचा नैतिक हक्क हे दोन्ही कलावंताच्या पदरात टाकले. गायकाला स्वतःला न आवडलेली मैफल त्याच्या पश्चात प्रसिद्ध करावी का? आमच्या मते वारसांच्या संमतीवाचून करू नये. 'केवळ ऐकण्यासाठी' दिलेला शब्द हा संग्राहकाच्या मृत्यूने संपत नाही. परंतु वारसांनीही केवळ भिडेपोटी किंवा भाव वाढण्याच्या आशेने हे धन कुलुपात ठेवू नये. अभ्यासकांसाठी ऐकण्याची सोय आणि विक्रीसाठी प्रकाशन या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीला संमती देऊन दुसरी राखून ठेवता येते. मुंबईच्या राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्रासारख्या किंवा गुरुग्राम येथील अमेरिकन इन्स्टिट्यूटच्या संगीतसंग्रहासारख्या संस्थांनी संग्रह व प्रकाशन यांतील हा भेद सांभाळण्याचे काम दीर्घकाळ केले आहे.

हे काम एकट्या सरकारवर सोपवून चालणार नाही. गावोगावची संगीत मंडळे, गणेशोत्सव मंडळे, व्याख्यानमाला यांच्या दप्तरांतही ध्वनिफिती पडून आहेत. कीर्तने, व्याख्याने, नाट्यसंगीताच्या रात्री, जे जे त्या त्या व्यासपीठावर झाले ते ते. एखाद्या तरुणाने सुटीत बसून आपल्या मंडळाच्या फितींची केवळ यादी केली, तरी निम्मे काम झाले. कलावंत, साथीदार, स्थळ, तारीख आणि फितीवरील मूळ हस्ताक्षरातील मजकूर जसाच्या तसा. मंडळाच्या जुन्या अहवालांत आणि निमंत्रणपत्रिकांत तारखा सापडतात. ज्येष्ठांना विचारले तर साथीदारांची नावे सापडतात. ते विचारण्याची वेळ आजच आहे. ज्यांच्या घरी स्पूल असतील त्यांनी ते उभे ठेवावेत, ध्वनिवर्धकाच्या आणि ओलीच्या भिंतीपासून दूर ठेवावेत. बुरशी दिसली किंवा फीत चिकट लागली तर उत्सुकतेपोटी जुन्या यंत्रावर लावून पाहू नये. तेवढ्या एका फेरीत थर खरवडून निघतो आणि गाणे कायमचे जाते. जाणत्या तंत्रज्ञाकडे न्यावे, आणि ते येत्या पावसाळ्याच्या आत न्यावे.