भेट मिळेना म्हणून दारात बसू नये

तुळजापूरचे एक दुकानदार मला चार महिने भेटत नव्हते. फोन उचलत नसत. गेलो तर मुनीम सांगे, "शेठ आत्ताच बाहेर पडले." माझ्याकडे सोलापुरी टॉवेल, भावही वाजवी!

आपले काही भाई अशा वेळी रोज फोन लावतात, दुकानासमोर ठाण मांडतात. मला हे पटत नाही. हजरत अबू मूसा अशअरी (रजि.) हे हजरत उमर (रजि.) यांच्या दारी गेले आणि परवानगी मिळेना म्हणून परतले. तीनदा विचारावे, नाही तर माघारी फिरावे, ही प्रेषितांची (स.) शिकवण. ती आपल्याकडून कशी निसटली, याचे कारण हजरत उमर (रजि.) यांनीच सांगितले: बाजारातल्या व्यापारात गुंतलो होतो. आपणा व्यापाऱ्यांना याहून जवळची हदीस कोणती?

मात्र माघारी फिरणे म्हणजे गिऱ्हाईक सोडणे नव्हे. चूक माझ्या वेळेची होती. मी मंगळवारी जात असे. त्या दिवशी देवीच्या दर्शनाला गर्दी, शेठ गल्ल्यावरून उठणार कसे?

मग पितृपंधरवड्यात गेलो. तेव्हा नवा सौदा बहुतेक जण टाळतात, पण दुकानात सवड असते आणि नवरात्र तोंडावर असते. "ऑर्डर नको, माल पाहा" अशी चिठ्ठी लिहून दोन टॉवेल मुनीमाकडे ठेवले. एक कोरा, एक दहा वेळा धुतलेला.

आठवड्याने शेठचाच फोन आला. धुतलेल्या टॉवेलचा भाव विचारत होते.