'हौस' म्हणू नका!

घरात मुलांचा छोटा इंग्रजी-मराठी शब्दकोश असेल, तर एक गंमत करून पाहा. वॉन्ट, विश, लाँग, क्रेव्ह आणि डिझायर हे पाच शब्द काढा. फिरून फिरून एकच अर्थ समोर येईल, 'इच्छा असणे'. मुलांचा अभ्यास घेताना आपणही तेच सांगून मोकळ्या होतो. पण या काही सख्ख्या बहिणी नव्हेत, फार तर जावा म्हणा. एका घरात नांदतात, पण प्रत्येकीचं माहेर वेगळं!

'वॉन्ट'चं माहेर जुन्या नॉर्स भाषेत. तिथे त्याचा अर्थ होता कमी असणं, उणीव असणं. 'हवं असणं' हा अर्थ पुष्कळ नंतर चिकटला. 'फॉर वॉन्ट ऑफ टाइम' म्हणजे वेळेअभावी, यात तो मूळ अर्थ आजही शिल्लक आहे. म्हणजे 'आय वॉन्ट' म्हणणारी बाई मुळात सांगते काय, तर माझ्याकडे काहीतरी कमी आहे आणि ते भरून निघायला पाहिजे.

'विश'ची तऱ्हा वेगळी. शुभेच्छा देताना तो गोड वाटतो. पण 'आय विश'च्या पुढचं क्रियापद भूतकाळात गेलं, की समजावं, गोष्ट हातात नाही. आपण म्हणतो ना, "तेव्हा शिकले असते तर..." अगदी तसंच.

'लाँग' म्हणजे लांब हे पोरंही सांगतील. 'लाँग फॉर' त्याच मुळातून आलंय. जिवाभावाचं माणूस जवळ नसलं की वेळ लांबतच जातो, नाही का? त्याला आपल्याकडे अस्सल शब्द आहे, ओढ. माहेरच्या ओढीने तर जात्यावरच्या किती ओव्या भरून गेल्यात!

'क्रेव्ह' आता चॉकलेट, चिंच, सिगारेट अशा तलफेसाठी वापरतात. पण जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता हक्काने मागणं. हक्काचा शब्द घसरत घसरत जिभेच्या चोचल्यांवर आला! आपले डोहाळेही यातच येतात. डोहाळे शब्दामागे संस्कृतातली दोन हृदयांची कल्पना सांगतात, एक आईचं आणि एक पोटातल्या बाळाचं. सुनेला "तुला काय खावंसं वाटतं गं?" असं अख्खं घर विचारतं, ते याच दिवसांत. आणि तेव्हाही पुरवतात ती बाळाचीच इच्छा! बाळंतपण उरकलं, की तिला काय हवं हे विचारायचं कोणाच्या लक्षातही राहत नाही.

राहिला 'डिझायर'. फ्रेंचमार्गे लॅटिनमधून आलेला हा भारदस्त शब्द गाडीच्या नावामुळे आता गावोगाव ठाऊक आहे. तो अर्जातही चालतो आणि शरीराच्या ओढीलाही. मराठीत मात्र आपली पंचाईत होते. तापातून उठलेल्या माणसाची अन्नावरची वासना उडाली, हे आपण चारचौघांत बोलतो. तोच 'वासना' शब्द बाईच्या शरीराबद्दल आला, की माना खाली जातात. नवरा-बायकोतली साधी, निर्मळ ओढ सांगायला बाईने कुठला शब्द वापरावा?

आता आपल्या घरातला शब्द घ्या, 'हौस'. शब्द गोड आहे, हौसेला मोल नाही हेही खरं. पण तो कुणाला लावतात ते बघा. मुलाला पुढे शिकायचं असेल तर ती जिद्द आणि सुनेला शिकायचं असेल तर हौस! त्याने दुकान टाकलं की धंदा, तिने घरातून मसाले विकले की हौस! हौस म्हटलं की ती मागे ढकलता येते. दिवाळी होऊ दे, दिराचं लग्न होऊ दे, मुलांची दहावी होऊ दे. मग वर्षं सरतात आणि जे 'वॉन्ट' होतं त्याचं 'विश' होऊन बसतं.

म्हणून मैत्रिणींनो, मनात काही आलं की आधी त्याचं नेमकं नाव ठरवा. घटकेची तलफ असेल तर तासाभरात विसराल. ओढ असेल तर फोन लावा, एसटी पकडा. आणि उणीव असेल, तर तिला हौस म्हणू नका, दुसऱ्यालाही म्हणू देऊ नका. "हौस म्हणून शिकतेय हो," असं आपणच हसत हसत सांगतो, तिथे खरी चूक होते.

नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 साली सुरू झालं. घर सांभाळून पदवी घेण्याची वाट त्यामुळे खुली झाली. तो प्रवेशअर्ज भरायचा मनात असेल, तर घरात एवढंच सांगा, "मला हे हवंय. माझ्यात हे कमी राहिलंय." आणि यंदाच भरा.