शिवणयंत्राच्या पलीकडे



आपल्या वस्तीत एखादी संस्था येते, सहा महिन्यांचा शिवणवर्ग काढते, हारतुरे होतात, मुलींच्या हाती प्रमाणपत्रे पडतात आणि संस्था निघून जाते. पुढे त्या मुलींचे काय झाले, याची चौकशी कोणी करीत नाही. आपणही करीत नाही, हे आधी कबूल केले पाहिजे.

शिवणकामाला आम्ही हलके लेखीत नाही. कित्येक मातांनी याच यंत्रावर मुले शिकविली आहेत. परंतु यंत्र मिळाले म्हणजे धंदा मिळाला, असे नव्हे. एका गल्लीत दहा यंत्रे झाली तरी गिऱ्हाईक तेवढेच राहते. मग ठेकेदार येतो व नगावर काम देतो. दोरा तिचा, वीज तिची, जागा तिची. दर मात्र त्याचा. याला स्वावलंबन म्हणावयाचे काय?

मुलगी म्हटली की शिवण, पापड, मेंदी, हे कोणी ठरविले? जन्मावरून काम लादण्याची रीत आपल्याला नवी नाही. आपल्या वाडवडिलांनी मेलेली ढोरे ओढणे सोडले. महारवतनाच्या जोखडाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. पुढे १९५८ च्या कायद्याने ती वतने गेली. पुरुषांच्या बाबतीत जे आपण झुगारले, तेच मुलींच्या बाबतीत आपण निमूटपणे चालवून घेत आहोत.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वीजतंत्री व जोडारी हे दोन वर्षांचे अभ्यासक्रम आहेत. तेथे अनुसूचित जातींसाठी जागा राखीव असतात, आणि १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांचाही अनुसूचित जातींच्या केंद्रीय यादीत समावेश झाला आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यान्वये तीस वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात व त्यांना विद्यावेतन द्यावे लागते. हे हक्क आहेत, उपकार नव्हेत. तरीही या वर्गांत आपल्या मुली थोड्याच दिसतात.

"मुलगी काय खांबावर चढणार?" असे घरात विचारले जाते. ज्या आईने बांधकामावर विटांची घमेली डोक्यावरून वाहिली, तिच्या लेकीला पेचकस जड होणार आहे काय? खरी अडचण निराळीच आहे. संस्था तालुक्याच्या गावी, शेवटची एस.टी. लवकर सुटते, आणि वसतिगृहात जागा मिळेलच असे नाही. जातीच्या दाखल्यासाठी खेटे घालता घालता प्रवेशाची मुदत उलटून जाते. आणि मुलगी कमावू लागली, तरी पगार बापाच्या वा भावाच्या हाती जात असेल, तर तिचे स्वातंत्र्य कागदावरच राहिले. स्त्रियांच्या वारसाहक्काची तरतूद असलेले हिंदू कोड बिल रखडविले गेले, हे बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडण्याचे एक प्रमुख कारण होते, हे आपण सभांतून सांगतो. घरात मात्र विसरतो.

म्हणून आमची सूचना साधी आहे. दहावीचा निकाल लागण्यापूर्वीच प्रत्येक विहाराच्या समितीने वस्तीतील मुलींची यादी करावी, दाखले काढून ठेवावेत आणि रविवारच्या वंदनेनंतर तास दोन तास बसून त्यांचे अर्ज भरून द्यावेत. बँकेतील खाते मुलीच्या नावाने उघडावे. आणि ज्या वस्तीत शिवणवर्ग झाला असेल, तेथे त्या मुलींची आजची मिळकत किती, एवढे विचारून यावे.