मेळावे पुष्कळ झाले, आता वर्गणी सुरू करा

मा. संपादक,


दिवाळीची सुट्टी लागली की आणि पुन्हा मे महिन्यात आपल्या जिल्हा पानावर एक बातमी ठरलेली असते. अमुक सालच्या दहावीच्या तुकडीचा स्नेहमेळावा, गुरुजनांचा सत्कार आणि शाळेला भेटवस्तू. धरणगाव, एरंडोल, पारोळा, अमळनेर, गावाचे नाव तेवढे बदलते. या मेळाव्यांना माझा विरोध नाही. पंचवीस-तीस वर्षांनी भेटलेली माणसे एक दिवस हसली-खेळली तर कुणाच्या पोटात दुखायचे कारण नाही. आक्षेप आहे तो बातमीच्या शेवटी येणाऱ्या ‘सामाजिक बांधिलकी’ला. माजी विद्यार्थ्यांनी शाळेला वस्तू देणे थांबवावे आणि दरमहा वर्गणी देणे सुरू करावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

दिलेल्या वस्तूचे पुढे काय होते ते पाहा. तालुक्यातल्या एका शाळेच्या व्हरांड्यात स्टीलचा वॉटर कूलर उभा आहे. त्याच्यावर संगमरवरी पाटी आणि पाटीवर सगळ्या देणगीदारांची नावे सोनेरी अक्षरांत. वायर गुंडाळून मागे अडकवलेली, नळाखाली कोळिष्टके. फिल्टर बदलायला आणि बिल भरायला पैसा नाही, म्हणून पोरे शेजारच्या रांजणातले पाणी पितात. पाटी मात्र कुणीतरी नेमाने पुसते. देणाऱ्यांची दानत खोटी होती असे मी म्हणणार नाही. त्यांनी वस्तू दिली आणि तिचा दरवर्षीचा खर्च शाळेच्या गळ्यात घातला, एवढेच.

खरी नड दुसरीकडेच आहे. आठवीपर्यंत पाठ्यपुस्तके सरकार देते, बारावीपर्यंतच्या मुलींना एसटीचा प्रवास मोफत आहे. घोडे अडते ते बारावीनंतर. डिप्लोमा, नर्सिंग, इंजिनिअरिंगचे प्रवेश जून ते ऑगस्टमध्ये होतात. नेमका याच दिवसांत खानदेशातल्या शेतकऱ्याचा हात रिकामा असतो, कारण हातातला पैसा बियाण्यात आणि खतात गेलेला असतो. कापूस घरात येतो तो दसरा-दिवाळीच्या सुमारास. शिष्यवृत्ती मंजूर झाली तरी पैसे खात्यावर पडायला महिने जातात. तोवर प्रवेशाची रक्कम, खोलीचे डिपॉझिट आणि मेसचा ॲडव्हान्स कुठून आणायचा? दहा-पंधरा हजारांसाठी कुणी सावकाराकडे जातो, कुणी पोरीचे नाव जवळच्याच कॉलेजात घालून मोकळा होतो. मुदतीच्या आदल्या दिवशी हे पैसे बिनव्याजी देणारे कुणी हवे असते, आणि ते काम मेळाव्यातल्या वस्तूने होत नाही.

या बाबतीत एक धडा फ्रीमेसन या जुन्या बंधुसंघाच्या मंडळींकडून घेण्यासारखा आहे. त्यांच्याविषयी गूढ कथा फार आणि माहिती कमी. इंग्लंडात फ्रीमेसनांची काही लॉज, म्हणजे शाखा, खास एकेका शाळेच्या माजी विद्यार्थ्यांची आहेत. लंडनच्या वेस्टमिन्स्टर शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचे लॉज १८८८ मध्ये निघाले आणि पुढे इतर शाळांनी तो कित्ता गिरवला. पोशाख, विधी, मेजवान्या हे सारे तिथे आहेच. पण सभासद झाले की वार्षिक वर्गणी चुकत नाही, आणि दानाचा निधी वेगळा ठेवतात. अडचणीतले सभासद, त्यांच्या विधवा, त्यांची मुले यांची चौकशी करायला एक स्वतंत्र पदाधिकारी नेमलेला असतो. मदत कुणाला दिली याचा गावभर डांगोरा पिटायचा नाही, अशी रीत आहे. गरीब सभासदांच्या मुलींसाठी त्यांनी १७८८ मध्ये लंडनला काढलेली शाळा आजही चालू आहे. आपल्याकडे खर्शेदजी रुस्तमजी कामा यांच्यासारखा धर्मशास्त्राचा पंडित या मंडळींचा आधारस्तंभ होता.

मात्र त्यांचे सगळेच उचलू नये. तिथले दार बंद असते. स्त्रियांना त्यांच्या मुख्य शाखेत आजही प्रवेश नाही. मुंबईत तर सुरुवातीला भारतीय माणसालाही नव्हता. माणकजी करसेटजी या पारशी गृहस्थाला इथे नकार मिळत राहिला, त्याने पॅरिसला जाऊन दीक्षा घेतली, आणि अखेर १८४३ मध्ये जेम्स बर्न्स या फ्रीमेसनच्या पुढाकाराने भारतीय लोकांना घेणारे ‘रायझिंग स्टार’ लॉज मुंबईत उघडले. आपण त्यांना हसायचे कारण नाही. आपल्या मेळाव्यांचे दार तरी कुठे सताड उघडे आहे? व्हॉट्सॲप ग्रुप निघतो तो दहावी पास झालेल्यांचा. सातवीत शाळा सोडून जिनिंगमध्ये हमालीला लागलेला, नववीत लग्न लावून दिलेली, दहावीला नापास झाल्यावर सुरतेला गेलेला, यांचे नंबर कुणाकडे नसतात आणि कुणी शोधतही नाही. शाळेच्या जनरल रजिस्टरात ज्याचे नाव आहे तो माजी विद्यार्थी, एवढीच अट हवी. कुठल्या घरात आज मदत लागणार आहे, हे शाळा अर्धवट सुटलेल्या याच लोकांना आधी कळते.

परदेशी उदाहरण रुचत नसेल तर घरचीही आहेत. महर्षी कर्वे तरुणपणी मुंबईत शिकवत असताना त्यांनी आपल्या गावासाठी मुरूड फंड काढला. गावाबाहेर कमावणाऱ्याने मिळकतीतला ठरावीक वाटा गावाच्या कामासाठी बाजूला काढायचा, अशी ती कल्पना होती. पुण्यात डॉ. अच्युतराव आपटे यांनी १९५५ मध्ये सुरू केलेली विद्यार्थी सहाय्यक समिती खेड्यांतल्या मुलांना राहण्या-जेवणाची सोय करून देते, आणि तिथून शिकून गेलेले माजी विद्यार्थी पुढच्यांसाठी उभे राहतात. आपल्या शेजारी अमळनेरला साने गुरुजी १९२४ ते १९३० शिक्षक होते. वसतिगृहातल्या मुलांचे कपडे धुण्यापासून त्यांची आजारपणे काढण्यापर्यंत सगळे त्यांनी केले, आणि पाटी कुठे लावली नाही. बालकवींचे गाव म्हणून आपण धरणगावकर मिरवतो. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात गाजलेल्या त्या मुलाला रेव्हरंड टिळकांनी नगरला आपल्या घरी नेऊन ठेवले, हेही आपण लक्षात ठेवावे. सत्कार सगळ्यांनीच केला होता, घरात जागा एकानेच दिली.

‘वर्गणी कोण देणार?’ हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. हिशेब सोपा आहे. शंभर जणांनी महिन्याला शंभर रुपये दिले तर वर्षाला १,२०,००० रुपये होतात. पंधरा हजारांप्रमाणे आठ मुलांचे प्रवेश त्यातून मार्गी लागतात, आणि रक्कम परतफेडीची ठेवली तर तोच पैसा पुन्हा फिरतो. गणपतीची वर्गणी आपण दारोदार फिरून गोळा करतो, एका मेळाव्याच्या मंडप-जेवणाला हजार-बाराशे रुपये माणशी हसत काढतो. तेव्हा पैसा नाही हे कारण पटत नाही. खरे कारण असे की वर्गणीचा फोटो निघत नाही.

दुसरा प्रश्न विश्वासाचा, आणि तो रास्त आहे. पैसा एकाच्या गुगल पे वर गोळा झाला की दोन वर्षांत भांडणे ठरलेली. त्यावर इलाज कायद्यात आहे. १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली सात जण मिळून संस्था नोंदवू शकतात. तिची १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखालीही नोंद होते, आणि मग लेखापरीक्षण चुकवता येत नाही. फ्रीमेसनांच्या गुप्ततेचा आपण इथे उलटा वापर करावा. घेणाऱ्याचे नाव झाकलेले, पण आलेला आणि गेलेला पैसा शाळेच्या फलकावर लावलेला.

काही कॉलेजांत असे संघ कागदावर आधीच आहेत. कॉलेजांच्या नॅक मूल्यांकनात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाला गुण असल्यामुळे मूल्यांकनाच्या सुमारास ते जागे होतात, बैठकीचे इतिवृत्त लिहितात, चहा घेतात आणि मूल्यांकन उरकले की झोपतात. नोंदणीचा क्रमांक असलेला असा निजलेला संघ सापडला तर नवा काढण्याऐवजी त्यालाच उठवावे.

‘आम्ही आनंदासाठी जमतो, तिथे हिशेब कशाला?’ असेही काही मित्र म्हणतात. आनंदासाठी जरूर जमा. पण मग बातमीत बांधिलकीचे नाव घेऊ नका. घ्यायचेच असेल तर येत्या दिवाळीच्या मेळाव्यात सत्काराआधी चार ठराव मांडा: भेटवस्तू बंद, बँक खात्यातून दरमहा वर्गणी, जनरल रजिस्टरप्रमाणे सभासदत्व, आणि चौकशीसाठी दोन माणसे, त्यांतली एक बाई. पालक बाईजवळ अडचण लवकर बोलतात, हा गावचा अनुभव आहे. ठराव झाले तर जूनच्या आत खात्यात सहा-सात महिन्यांचे पैसे जमलेले असतील, आणि पहिली प्रवेशफेरी जाहीर होईल तेव्हा मदत मागायला येणाऱ्याला ‘बघू’ असे सांगावे लागणार नाही.

आपला,
एक माजी विद्यार्थी
धरणगाव, जि. जळगाव