केसाहून बारीक बोळ



आज आधी एक प्रयोग, अगदी बिनपैशाचा. डाव्या अंगठ्याचं नख उजव्या हाताच्या बोटाने दाबून धरा. जरा जोरात. नखाखालचा गुलाबी रंग गेला ना? पांढरंफटक पडलं ना? आता सोडा आणि मोजा, एक... दोन. दोन म्हणेपर्यंत गुलाबी रंग हजर! (हात गार असतील तर थोडा उशीर लागेल. घाबरू नका.)

नखाखाली रक्ताच्या बारीक बारीक नळ्यांचं जाळं आहे. तुम्ही दाबलं तेव्हा त्यातलं रक्त बाजूला सरलं, सोडल्यावर परत आलं. या नळ्यांना केशवाहिन्या म्हणतात. केश म्हणजे केस. पण नावाने फसू नका बरं का! एका केसाच्या जाडीत अशा आठ-दहा केशवाहिन्या शेजारी शेजारी मावतील.

इतक्या बारीक नळ्या कशाला हव्यात? त्यासाठी आमच्या कळमन्याला या. इथल्या बाजार समितीच्या यार्डात हंगामात संत्र्यांचे ट्रकच्या ट्रक लागतात. पण ट्रक काही तुमच्या दारात संत्री आणून देत नाही. यार्डातून माल टेम्पोत चढतो, टेम्पोतून ठेल्यावर येतो, ठेला गल्लीत शिरतो. आणि एखादा बोळ इतका अरुंद असतो की तिथे ठेलाही जात नाही, डोक्यावर टोपली घेतलेली बाई तेवढी जाते. खरी देवघेव होते ती तिथे, दारात. धावत्या ट्रकमधून कुणी डझनभर संत्री घेतली आहेत का?

शरीरातही तेच. हृदयातून निघणारी महाधमनी मोठ्या माणसाच्या अंगठ्याएवढी जाड. तिची भिंत इतकी भक्कम की प्राणवायू तिच्यातून आरपार जाऊच शकत नाही. तिला फाटे फुटतात, फाट्यांना आणखी फाटे, असं करत करत शेवटी केशवाहिनी येते. तिची भिंत फक्त एका पेशीच्या जाडीची. तिच्यातून प्राणवायू आणि साखर बाहेर जातात, कार्बन डायऑक्साइड आणि नको असलेला कचरा आत येतो. पुढे या वाहिन्या एकमेकींना मिळत जातात आणि रक्त शिरांतून हृदयाकडे परततं. विल्यम हार्वे यांनी १६२८ साली रक्त असं फिरतं हे सिद्ध केलं, पण धमन्यांतून शिरांत ते जातं कसं हे त्यांना दिसलं नाही. ते १६६१ साली इटलीच्या मालपिघी यांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. कुठे? बेडकाच्या फुप्फुसात!

हे शिकवताना वर्गातल्या एका मुलीने मला छान अडवलं. "सर, नळीचं तोंड दाबलं तर पाणी जोरात येते. मग बारीक नळीत रक्त बी जोरातच जाईल ना?" प्रश्न बरोबर आहे. पण नळी एकच असती तर! इथे त्या अब्जावधी आहेत. एकेक बारीक असली तरी सगळ्यांची मिळून रुंदी महाधमनीच्या कितीतरी पट भरते. कालव्याचं पाणी वावरात पसरलं की कसं हळू होतं, तसं. महाधमनीत रक्त सेकंदाला साधारण तीस सेंटिमीटर धावतं, केशवाहिनीत जेमतेम अर्धा मिलिमीटर. म्हणून तर देवघेवीला वेळ मिळतो.

आता ज्यासाठी हा विषय काढला ते सांगतो.

रक्तातली तांबडी पेशी मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजली तर सात ते आठ भरते. केशवाहिनी जवळजवळ तेवढीच, काही ठिकाणी तर तिच्याहून अरुंद. म्हणजे पेशींना एकामागे एक, रांगेतच जावं लागतं, तेही अंग दुमडून. पेशी मऊ असते म्हणून जमतं. ती मऊ राहिली नाही तर?

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगा होता. महिन्यातून दोन-तीन दिवस गैरहजर. विचारलं की म्हणायचा, "सर, हातपाय दुखून राहिले होते." कवायतीच्या तासाला बसून राहायचा. पोरं त्याला बहाणेबाज म्हणत. आणि कबूल करतो, मलाही तसंच वाटे. एकदा ऐन थंडीत सकाळी मी त्याला मैदानाला पाच चकरा मारायला लावल्या. नंतर आठवडाभर तो आला नाही. आली त्याची आई. ती मला काही बोलली नाही. पिशवीतून दवाखान्याचा कागद काढून तिने समोर धरला. त्यावर लिहिलं होतं, सिकलसेल.

सिकल म्हणजे विळा, आपल्याकडचा इळा. या आजारात तांबड्या पेशीतलं हिमोग्लोबिन थोडं वेगळं असतं. केशवाहिनीत पेशीने प्राणवायू देऊन टाकला की हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून काड्यांसारखं ताठ होतं आणि गोल पेशी विळ्यासारखी वाकडी, कडक होते. अशी पेशी त्या बोळात अडकते. तिच्यामागे रांग अडते. पुढच्या भागाला प्राणवायू मिळत नाही आणि हाडांमध्ये भयंकर कळा येतात. थंडी, ताप, फार दमणूक किंवा अंगातलं पाणी कमी होणं, यांपैकी काहीही पुरतं. चांगली तांबडी पेशी १२० दिवस जगते, ही दहा-वीस दिवसांतच मरते. म्हणून तो सारखा थकलेला असायचा.

भारतात या आजाराची पहिली नोंद १९५२ साली निलगिरीच्या डोंगरात झाली, पण तो आपल्या विदर्भातही पुष्कळ आहे. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, सगळीकडे. तो शेजारी बसल्याने होत नाही, एका डब्यात जेवल्याने होत नाही. आई आणि बाबा दोघांकडूनही बदललेला जनुक आला तरच होतो. एकाकडूनच आला तर ते मूल 'वाहक'. त्याला सहसा काही त्रास नसतो, पण पुढे दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक मुलाच्या वेळी चारात एक इतकी आजाराची शक्यता राहते. म्हणून तपासणी हवी. १ जुलै २०२३ ला राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, तिच्यात हा आजार असलेल्या आदिवासी भागांतल्या चाळीस वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी करायचं ठरलं. सरकारी आरोग्य केंद्रात विचारा. बोटाला सुई टोचून थेंबभर रक्त घेतात. ते रक्त कुठलं असतं सांगा बघू? केशवाहिन्यांचंच!

त्या मुलाच्या बाकावर मग पाण्याची बाटली कायम असे, तासाला प्यायची मुभा. लघवीला जाताना विचारायचीही गरज नाही, कारण या आजारात मूत्रपिंडातल्या केशवाहिन्याही बिघडतात आणि लघवी वारंवार होते. बहाणेबाज म्हणणाऱ्यांनाही मी नख दाबून पाहायला लावलं आणि मग ही सगळी गोष्ट सांगितली. दुसऱ्या दिवसापासून त्याची बाटली भरून आणायला दोघांचं भांडण!

आता तुमच्यासाठी कोडं. डोळ्याच्या अगदी पुढच्या पारदर्शक पडद्यात एकही केशवाहिनी नसते, तरी तो जिवंत असतो. मग त्याला प्राणवायू कुठून मिळतो? उत्तर पुढच्या अंकात.