निळा पडदा आणि फॉरमॅटची घाई

निकालपत्रके भरीत बसलेल्या शिक्षकाच्या, वेतन देयक तयार करणाऱ्या लिपिकाच्या किंवा प्रबंधाचे शेवटचे प्रकरण लिहिणाऱ्या विद्यार्थ्याच्या लॅपटॉपचा पडदा एकाएकी निळा व्हावा, त्यावर चार इंग्रजी ओळी उमटाव्यात आणि त्या धड वाचून होण्यापूर्वीच यंत्र आपणहून पुन्हा सुरू व्हावे, हा अनुभव आता कोणाला अपरिचित राहिलेला नाही. एकदा असे झाले तर माणूस कपाळावर हात मारतो आणि पुन्हा कामाला लागतो. आठवड्यात तीनदा झाले की मात्र सल्लागारांना तोटा राहत नाही. कोणी व्हायरसचे नाव घेतो, कोणी लॅपटॉप जुना झाल्याचे सांगतो, आणि अखेर सर्वांचे एकमत होते ते एका वाक्यावर : ‘फॉरमॅट मारून टाका.’ या वाक्यापायी किती श्रम आणि किती कागदपत्रे नाहीशी झाली असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. मूळ बिघाडाने होते त्याहून अधिक नुकसान या घाईने होते.

हा निळा पडदा येतो कशासाठी, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. विंडोजमध्ये सामान्य प्रोग्राम आपापल्या कुंपणात चालतात. त्यांतील एखादा बिघडला तर तेवढाच बंद पडतो, बाकीचे काम चालू राहते. परंतु विंडोजचा गाभा आणि त्याच्याच पातळीवर काम करणारे बरेच ड्रायव्हर यांना असे कुंपण नाही. तेथे चूक झाली, तर स्मृतीतील कोणती माहिती शाबूत आहे आणि कोणती बिघडली आहे, याची खात्री उरत नाही. अशा स्थितीत काम पुढे रेटले तर बिघडलेली माहिती डिस्कवर लिहिली जाण्याचा धोका असतो. म्हणून विंडोज जाणूनबुजून सारे थांबवते आणि थांबण्याचे कारण पडद्यावर मांडते. घरातील फ्यूज उडतो, तसाच हा प्रकार आहे. फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्यात जाड तार घालणारा माणूस शहाणा ठरत नाही. आणि फ्यूज उडाला म्हणून घरातील सारे सामान रस्त्यावर काढणाराही शहाणा ठरत नाही.

या पातळीवरील एक चूक किती महाग पडते, हे १९ जुलै २०२४ रोजी साऱ्या जगाने पाहिले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने आपल्या ग्राहकांच्या संगणकांकडे एक छोटी फाइल धाडली. तिच्यातील मजकुरासाठी २१ नोंदी लागत होत्या, तर प्रत्यक्ष प्रोग्राम २०च पुरवीत होता. एकविसावी नोंद शोधण्यासाठी गाभ्यात बसलेला ड्रायव्हर आपल्या हद्दीबाहेरची स्मृती वाचावयास गेला आणि विंडोज थांबले. कंपनीने ७८ मिनिटांत ती फाइल मागे घेतली. परंतु तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख संगणक निळे झाले होते. विमाने खोळंबली, रुग्णालयांचे काम अडले, आणि आपल्या देशात प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. पुढे जे घडले ते अधिक बोधप्रद होते. त्या संगणकांना सरसकट फॉरमॅट करा, असे कोणी सांगितले नाही. कारण शोधले गेले, दोषी फाइल नेमकी कोणती ते ठरले, आणि असंख्य ठिकाणी तंत्रज्ञांनी एकेका यंत्रापुढे बसून, ते सेफ मोडमध्ये सुरू करून, तेवढी एक फाइल काढून टाकली. एवढ्या मोठ्या संकटात जी शिस्त पाळता आली, ती शाळेच्या एका लॅपटॉपपुरती पाळणे अवघड असू नये.

ही शिस्त म्हणजे काही गूढ विद्या नव्हे. पडद्यावर दिसणारा ‘स्टॉप कोड’ आणि त्याखाली एखाद्या फाइलचे नाव आले असल्यास ते, या दोन गोष्टी टिपून घेणे ही पहिली पायरी होय. पडदा झटकन नाहीसा झाला तरी बिघडत नाही. विंडोजच्या ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये त्याची नोंद राहते, ‘रिलायबिलिटी मॉनिटर’ तारखेनुसार बिघाड दाखवितो, आणि विंडोजच्या फोल्डरात ‘मिनिडंप’ नावाच्या कप्प्यात प्रत्येक वेळची छोटी टिपणे साठविली जातात. ‘मेमरी मॅनेजमेंट’, ‘क्रिटिकल प्रोसेस डाइड’, ‘डब्ल्यूएचईए अनकरेक्टेबल एरर’ अशी या कोडची नावे असतात. त्यांतील शेवटचे नाव बहुधा यंत्राच्या एखाद्या भागाकडे बोट दाखविते. तथापि कोड म्हणजे निकालपत्र नव्हे. चोरी उघडकीस येते ते घर आणि चोर राहतो ते घर एकच असेल असे नाही.

म्हणूनच एका नोंदीपेक्षा चार नोंदींची तुलना अधिक बोलकी असते. प्रत्येक वेळी एकाच ड्रायव्हरचे नाव येत असेल, तर संशय त्याच्यावर जातो. मग तो लॅपटॉप बनविणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून नव्याने घ्यावा, किंवा बिघाड नव्या आवृत्तीनंतर सुरू झाला असल्यास जुन्या आवृत्तीकडे परत जावे. या उलट, दर वेळी निराळा कोड आणि निराळे नाव येत असेल, तर रॅमची तपासणी आधी झाली पाहिजे. विंडोजमध्ये त्याची सोय आहेच; मात्र एका फेरीत दोष आढळला नाही म्हणून रॅम निर्दोष ठरत नाही, ती तपासणी रात्रभर चालवावी लागते. डिस्कची प्रकृतीही पाहिली पाहिजे. तापलेले यंत्र बहुधा काही न सांगता सरळ बंदच पडते. पण मे महिन्याच्या उन्हाळ्यात, धुळीने पंखा कोंडलेला असताना, उष्णतेलाही संशयितांच्या यादीतून वगळता येत नाही. या साऱ्यात दोन पथ्ये महत्त्वाची. पहिले, कशालाही हात लावण्यापूर्वी कागदपत्रांची प्रत दुसरीकडे काढून घ्यावी आणि डिस्कला बिटलॉकरचे कुलूप असेल तर त्याची ४८ अंकी किल्ली हाताशी ठेवावी. दुसरे, एका वेळी एकच बदल करावा. रॅम, ड्रायव्हर आणि विंडोज एकाच दुपारी बदलले तर यंत्र कदाचित सुधारेल, पण कशाने सुधारले ते कळणार नाही, आणि दोष परतला की पाटी पुन्हा कोरीच असेल.

फॉरमॅटचा मुख्य दोष येथेच ध्यानात येतो. तो वापरणाऱ्याच्या कागदपत्रांबरोबर बिघाडाचा पुरावाही पुसून टाकतो. दोष रॅममध्ये असेल तर विंडोज दहा वेळा नव्याने भरूनही काही साधत नाही. पंधरा दिवसांत निळा पडदा परत येतो, आणि या वेळी मागील एकही नोंद हाताशी नसते. फॉरमॅट कधीच करू नये, असा याचा अर्थ नाही. सारे उपाय थकल्यावर, कागदपत्रे सुरक्षित ठेवून केलेला फॉरमॅट हीदेखील एक तपासणीच असते. त्यानंतरही बिघाड राहिला तर यंत्राच्या भागावरील संशय बळावतो. शेवटच्या पायरीला पहिली पायरी करणे, एवढाच आक्षेपाचा मुद्दा आहे.

यावर असे म्हटले जाईल की, शिक्षकाने शिकवावे आणि लिपिकाने दप्तर सांभाळावे. ड्रायव्हर आणि रॅम हे त्यांचे काम नव्हे. हे म्हणणे रास्त आहे. दुरुस्तीच्या दुकानदाराचीही एक बाजू आहे. फॉरमॅटचे ठरावीक पैसे मिळतात आणि काम तासाभरात उरकते. निदानासाठी दोन दिवस घालविले तर त्याचा मोबदला देण्याची गिऱ्हाइकाची तयारी नसते. आपणच निदानाला मोल दिले नाही, तर निदान करणारा उरणार कोठून? तेव्हा दुरुस्ती तज्ज्ञानेच करावी. परंतु रोग्याने दुखणे केव्हापासून आहे आणि कोठे आहे एवढे तरी डॉक्टरांना सांगावे लागतेच. एमएस-सीआयटीसारख्या अभ्यासक्रमांतून महाराष्ट्रातील लाखो लोक संगणक वापरावयास शिकले. बिघडलेल्या संगणकाविषयी नेमके कसे सांगावे, हे शिक्षणही आता तितकेच आवश्यक झाले आहे.

शाळा, महाविद्यालये आणि कार्यालये यांना यासाठी मोठा खर्च करावयाचा नाही. खरेदी केलेला प्रत्येक लॅपटॉप डेडस्टॉक रजिस्टरात चढतो. त्याच्या प्रकृतीची नोंद मात्र कोठेच होत नाही. प्रत्येक यंत्रामागे नोंदवहीचे एक पान राखून ठेवावे. त्यावर बिघाडाची तारीख, कोड, त्या वेळी चालू असलेले काम आणि नुकताच झालेला बदल, एवढ्या चार गोष्टी लिहाव्यात. कागदपत्रांची प्रत दर आठवड्याला काढण्याची जबाबदारी नावानिशी कोणावर तरी सोपवावी. दुरुस्तीच्या पावतीवर नुसत्या रकमेऐवजी काय बिघडले होते आणि काय केले हेही लिहून घ्यावे, आणि संस्थेच्या लेखी संमतीवाचून डिस्क पुसली जाणार नाही असे आधीच बजावावे. आज ही व्यवस्था नसल्यामुळे एखाद्या शिक्षकाची वर्षानुवर्षांची टिपणे एका दुपारी जातात आणि दोष मात्र त्याच्याच माथी मारला जातो.

मायक्रोसॉफ्टने २०२५ मध्ये विंडोज ११ मधील या पडद्याचा निळा रंग बदलून काळा केला. स्टॉप कोड आणि दोषी ड्रायव्हरचे नाव सांगण्याची व्यवस्था मात्र कायम ठेवली. रंग कोणताही असो, यंत्र थांबताना कारण सांगून थांबते. ते ऐकून घेणारा कोणी नसेल, तर नवे यंत्र घेऊनही जुनेच रडगाणे चालू राहील. उद्या पुन्हा पडदा निळा किंवा काळा झाला, तर दुकानाचा रस्ता धरण्यापूर्वी त्यावरील ती एक ओळ कागदावर उतरवून घ्यावी. निम्मे निदान तेथेच सुरू होते.