व्हायोलिन पेटीत का राहते?

आपल्या नगर जिल्ह्यात (२०२४ पासून अहिल्यानगर) शास्त्रीय संगीताच्या मैफलीत एखादी तरुण मुलगी व्हायोलिन वाजवू लागली की सभागृह भारावून जाते. मध्यंतरात चहा घेताना एक वाक्य हमखास कानावर पडते, "देवाची देणगी लागते हो!" मला या वाक्याची चीड आहे. देवावर भार टाकला की घराची जबाबदारी संपते.

देणगीचेच बोलायचे, तर डॉ. एन. राजम यांचे घर पाहा. १९३८ साली जन्मलेल्या राजमबाईंनी पं. ओंकारनाथ ठाकुरांची तालीम घेऊन गायकी व्हायोलिनवर उतरवली, बनारस हिंदू विद्यापीठात वर्षानुवर्षे शिकवले. मुलगी संगीता शंकर, नाती रागिणी व नंदिनी, भाची कला रामनाथ, साऱ्याजणी व्यासपीठावर वाजवतात. देव एकाच घरावर एवढा मेहेरबान कसा? ज्या घरात बाईचा रियाज हे काम मानले जाते, तिथेच तीन पिढ्या उभ्या राहतात.

मी अनेक वर्षे तालुक्याच्या गावी मुलींना संगीत शिकवते. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका परीक्षांना मुलींची रांग लागते. पुढे ती रोडावत जाते. एखादी विशारद झालीच, तर ती पदवी लग्नाच्या परिचयपत्रात 'गृहकृत्यदक्ष'च्या शेजारी जाऊन बसते. लग्न ठरेपर्यंत कला, लग्नानंतर कटकट! व्हायोलिनला पडदे नसतात. बोट केसभर सरकले की सूर सुटतो. दोन बाळंतपणे, सासूचे दुखणे, नवऱ्याची बदली यांत हात जातो आणि वाद्य पेटीत, पेटी माळ्यावर जाते. मग तीच माणसे म्हणतात, "बायकांत चिकाटीच नसते."

कुणी म्हणेल, नोकरीपायी मुलांचाही रियाज सुटतो. खरे आहे. पण संध्याकाळी घरी येऊन वाजवायला बसलेल्या मुलाच्या हातात कुणी लाटणे देत नाही.

हे आपल्याकडेच घडते असेही नाही. १८८२ साली स्थापन झालेल्या बर्लिन फिलहार्मोनिक वाद्यवृंदाला पहिली स्त्री सदस्य घ्यायला १९८२ साल उजाडले. ती व्हायोलिनवादक होती, मादलेन कारुझो. व्हिएन्ना फिलहार्मोनिकमध्ये हार्पवादक ॲना लेल्केस वीसहून अधिक वर्षे वाजवत होत्या, पण पूर्ण सदस्यत्व मिळाले १९९७ साली. अमेरिकेतल्या वाद्यवृंदांनी निवडीच्या वेळी वादकाला पडद्याआड बसवायला सुरुवात केली. परीक्षकांना फक्त सूर ऐकू येऊ लागला आणि स्त्रियांची निवड होण्याची शक्यता वाढली.

आपल्या मुलींना त्या पडद्याचा काय उपयोग? त्या परीक्षकापर्यंत पोचतच नाहीत. त्यांची निवड त्याआधीच स्वयंपाकघरात होऊन जाते.

म्हणून मैत्रिणींनो, पुढच्या मैफलीत टाळ्या वाजवून घरी गेल्यावर एवढे करा. मुलीच्या रियाजाची वेळ ठरवा आणि त्या वेळी तिला हाक मारू नका. मुलालाही स्वयंपाकाला लावा. लग्नाची बोलणी करताना पगार विचारता तसे हेही विचारा, की तुमच्याकडे ती रोज दोन तास वाजवील, चालेल ना? सुनेच्या बाबतीत हाच प्रश्न स्वतःला विचारा. आणि कार्यक्रम ठरवणाऱ्या मंडळांना सांगा, जिल्ह्यातल्या मुलींना स्वागतगीतापुरते बोलावू नका. मैफल द्या, आणि पुरुष कलाकाराला देता तेवढीच बिदागी द्या.